न पाहता केलेली पाहणी

ती मुलगी आली तेव्हा मी जेवणाचा डबा उघडून बसले होते. खालच्या दारावरून सुरक्षारक्षकाचा फोन आला. "मॅडम, एक लडकी आई है. कहती है, सर्टिफिकेट वापस करना है."

मला वाटलं, त्यानं चुकीच्या खोलीत फोन लावलाय. प्रमाणपत्र मागायला लोक येतात. नाव चुकलंय म्हणून येतात, हरवलंय म्हणून येतात. परत करायला कुणी आलेलं मी एवढ्या वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. पण तो म्हणाला, तीन शाखांना फोन करून झालेत आणि तिघांनीही देखरेख शाखेचं नाव सांगितलंय. देखरेख शाखा म्हणजे मी, दोन सहायक आणि एक प्रिंटर. मी डबा झाकला आणि खाली गेले.

आमची शाखा काय करते ते आधी सांगते. तरुण मुलामुलींना कामाचं शिक्षण देण्याची एक सरकारी योजना आहे. शिवणकाम, वीजकाम, रुग्णालयातली मदतनीस, असे अनेक अभ्यासक्रम. शिकवतात खासगी केंद्रं. तीन महिने शिकवायचं, परीक्षा घ्यायची, प्रमाणपत्र द्यायचं आणि मुलाला नोकरीला लावायचं. सरकार केंद्राला प्रत्येक विद्यार्थ्यामागे पैसे देतं. केंद्रात खरंच शिकवलं जातं का, हे बघणं आमचं काम. 'बघणं' म्हणजे दिल्लीत खुर्चीत बसून पडद्याकडे बघणं. केंद्रवाले वर्गाचे फोटो चढवतात, हजेरी आपोआप येते, आणि सगळं ठीक असलं की केंद्राच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो. मी ठिपका बघायचे, फोटो बघायचे, शेरा लिहायचे आणि सही करायचे.

ती प्रवेशद्वाराजवळच्या बाकावर ताठ बसली होती. वीस-एकवीस वर्षांची असेल. मांडीवर प्लास्टिकच्या पाकिटात प्रमाणपत्र. मला बघून उभी राहिली आणि पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं. पोस्टाच्या खिडकीवर देतात तसं.

"हे इथूनच आलंय ना?" तिनं विचारलं. ती पानिपतच्या हिंदीत बोलत होती, मी तिचं बोलणं माझ्या भाषेत लिहितेय. "यावर तुमच्या ऑफिसचा पत्ता आहे."

मी म्हटलं, "हो, पण परत कशाला करतेस?"

मग तिनं सांगितलं. नोएडात तिची आत्या राहते. तिथल्या एका तयार कपड्यांच्या कारखान्यात मशीन चालवणाऱ्या बायका हव्यात असं आत्यानं कळवलं. हिच्याकडे शिलाई मशीन ऑपरेटरचं प्रमाणपत्र होतं, म्हणून ही गेली. सुपरवायझरनं प्रमाणपत्र पाहिलं, खूश झाला, आणि तिला कापडाच्या कडा शिवणाऱ्या एका ओव्हरलॉक मशीनवर बसवलं. म्हणाला, या दोन तुकड्यांची कड जोडून दाखव.

"मॅडम, मला मशीन चालू कुठून करायची तेच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मी हाताखाली बटण शोधत होते. शेजारची बाई म्हणाली, बटण पायाशी आहे, बाळ."

सुपरवायझर ओरडला नाही म्हणाली. त्यानं तिला उठवलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की हा कागद ज्यानं दिला त्याला परत नेऊन दे. तिनं ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी मेट्रो बदलत बदलत आमच्या दारात आली.

मी तिला वर घेऊन गेले. तिचा क्रमांक टाकला. पडद्यावर तिचं नाव, फोटो, आणि पुढे हिरवा ठिपका. 'प्रशिक्षित. नोकरीत रुजू.' खाली नोएडातल्या कुठल्याशा कारखान्याचं नाव, तेही हिनं पाहिलेल्या कारखान्याचं नव्हे, वेगळ्याच. सात महिन्यांपूर्वी रुजू.

मी तिला ते वाचून दाखवलं. तिचा चेहरा उजळला. ती म्हणाली, "हा कारखाना कुठे आहे? पत्ता द्या ना. मी आजच जाते."

माझी लेकही त्याच वयाची आहे, घरी तिला मी दिवसातून चार वेळा काहीतरी समजावत असते. या मुलीला कसं समजवायचं, की ही नोकरी कुणी तुला दिलेली नाही, फक्त तुझ्या नावावर लिहिलेली आहे?

तिला समजलं तेव्हा ती रडली नाही. दुसरीच गोष्ट सांगू लागली. नोएडाला जाण्याआधी पानिपतमध्येच दुसऱ्या एका केंद्रात तिनं पुन्हा शिकायला नाव घातलं होतं. त्यांनी यंत्रावर तिचा अंगठा घेतला आणि परत पाठवलं. एका माणसाला योजनेत एकदाच शिकता येतं. ही आधीच शिकलेली आहे, असं यंत्रानं सांगितलं.

म्हणजे तिला शिकवलं तर नाहीच, वर शिकण्याचा तिचा हक्कही खाऊन टाकला.

ती प्रमाणपत्र माझ्या टेबलावर ठेवून जायला निघाली. दारापर्यंत जाऊन वळली आणि म्हणाली, "पावती द्या." मी कोऱ्या कागदावर हातानं लिहून दिलं की अमुक क्रमांकाचं प्रमाणपत्र परत मिळालं. तिचा फोन नंबर घेतला. ती गेल्यावर मी केंद्राची फाइल मागवली.

शेवटच्या पाहणीचा कागद वरच होता. 'केंद्रास उपलब्ध छायाचित्रांच्या आधारे तपासले. यंत्रसामग्री, हजेरी व प्रशिक्षण समाधानकारक.' खाली सही होती. माझीच.

मला आठवेनासुद्धा. त्या दिवशी अशा किती केंद्रांवर मी सह्या केल्या असतील. फोटो पुन्हा उघडले. पिवळ्या टीशर्टातल्या मुली, पुढे चकचकीत मशीनी, मुली हसतायत. आता निरखून पाहिलं तर एकाही मशीनवर दोरा नव्हता. एकाही सुईखाली कापड नव्हतं. एवढं तर घरात शिवणाची मशीन असलेल्या कुणालाही दिसलं असतं. माझ्या आईकडे होती. मी तिच्या मांडीशी बसून बॉबिन भरून द्यायचे. आणि मला दिसलं नाही, कारण मी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी घरी चहाच्या वेळी मी हे बाबांना सांगितलं. बाबा ऐंशी ओलांडलेले, माझ्याकडेच असतात. नागपूरहून कारकून म्हणून दिल्लीला आले आणि दुसऱ्या एका खात्यातून निवृत्त झाले. आमच्या घराण्यात त्यांच्या आधी कुणाला सही करता येत नव्हती, त्यामुळे सही या गोष्टीबद्दल ते फार कडक आहेत. दूधवाल्याच्या वहीवरही वाचल्याशिवाय सही करत नाहीत.

त्यांनी कप खाली ठेवला. "तू तिथं गेली नव्हती?"

"नाही बाबा. सगळे असंच करतात. वरूनच तसं ठरलंय, फोटोंवरून..."

"मी सगळ्यांचं नाही विचारलं."

"नव्हते गेले."

"मग लिहिलं कसं, समाधानकारक?" ते म्हणाले. "समाधान कोणाचं झालं?"

माझी लेक तिथेच फोन बघत बसली होती. तिनं विचारलं, "आई, पाहणी म्हणजे इन्स्पेक्शनच ना?" मी हो म्हटलं. बाबा उठून त्यांच्या खोलीत गेले, आणि दोन दिवस माझ्याशी जेमतेम बोलले. मला त्यांचा राग आला होता. नंतर कळलं की तो त्यांचा नव्हता.

अचानक पाहणीला जायचं तर संचालकांची परवानगी लागते. परवानगीच्या पत्राची एक प्रत नियमाप्रमाणे केंद्राला जाते. अचानक जाणार आहोत, हे आधी कळवायचं. मी हे संचालकसाहेबांना बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, नियम आपण बनवलेला नाही." त्यांना स्वतःलाही हसू आलं. मला आलं नाही.

चार दिवसांनी मी सरकारी गाडीनं पानिपतला गेले. केंद्र एका फर्निचरच्या दुकानावरच्या मजल्यावर होतं. जिन्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. केंद्राचा मालक हातात गुच्छ घेऊन उभा. हॉलमध्ये वीसेक मुली पिवळ्या टीशर्टात बसल्या होत्या, आणि टीशर्टांवर पाकिटातून काढल्याच्या घड्या अजून तशाच होत्या. समोर दोन रांगांत मशीनी.

मी गुच्छ बाजूला ठेवला आणि पहिल्या रांगेतल्या मुलीला म्हटलं, "एक सरळ टीप घालून दाखव."

तिनं मालकाकडे पाहिलं. मालक म्हणाला, "मॅडम, आत्ताच लाइट गेली."

त्याच्या डोक्यावर पंखा फिरत होता. मी वर पाहिलं, त्यानंही पाहिलं. दोघांनाही दिसला. तो म्हणाला, "पंख्याची लाइन वेगळी आहे."

मी खाली वाकले. या वयात, साडी सावरत, टेबलाखाली गेले. मशीनींच्या वायरी एकत्र करून चिकटपट्टीनं बांधल्या होत्या आणि त्या कुठेच जात नव्हत्या. भिंतीत बटणच नव्हतं. वर येऊन मी दोरा मागितला. कपाट उघडलं गेलं. त्यात फलक होते, प्लास्टिकची फुलं होती, एक मोठी समई होती. दोऱ्याचं एक रीळ नव्हतं.

कोपऱ्यात गळ्यात टेप घातलेला एक म्हातारा शिंपी उभा होता. मालकानं ओळख करून दिली, हे मुख्य प्रशिक्षक. मी त्यांना विचारलं, "मास्टरजी, मुलींचं कुठपर्यंत आलंय?"

तो माणूस खाली मान घालून म्हणाला, "बीबीजी, मेरी दुकान तो गली के मोड़ पे है. मुझे बोला, दो घंटे खड़े रहना है." आणि टेप काढून खिशात घातला, आणि जिना उतरून गेला. त्या सगळ्या दिवसात माझ्याशी खरं बोललेला पहिला पुरुष तोच.

मग मागच्या एका मुलीनं तोंड उघडलं. त्या सगळ्या आधीच पास झालेल्या, आजच्यापुरत्या बोलावलेल्या होत्या. सकाळी येऊन अंगठा लावायचा, घरी जायचं, संध्याकाळी पुन्हा येऊन अंगठा लावायचा. मशीनी फोटोच्या दिवशी टेम्पोतून यायच्या. परीक्षेच्या दिवशी उत्तरं फळ्यावर लिहिली होती. एक बोलली तशा दुसऱ्या बोलू लागल्या. मी लिहून घेत होते. आणि मध्येच त्यातल्याच एकीनं विचारलं, "मॅडम, आता तुम्ही आमचे कागद रद्द करणार का? आमच्याकडे तेवढंच आहे."

आता मालक जवळ आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, याच मशीनी, हेच फोटो. मागच्या वेळी आपणच पास केलं होतं."

त्याच्या कानशिलात द्यावी असं मला वाटलं. पण तो खोटं बोलत नव्हता. तेवढं एक वाक्य तो खरं बोलला होता.

तिथून मी त्या मुलीच्या घरी गेले. पत्ता फोनवर घेतला होता. पानिपतमध्ये जुन्या कपड्यांच्या चिंध्या करून त्यांचं सूत काढतात, त्या सुताची ब्लँकेटं विणतात. तिची आई घरी बसून त्या चिंध्या रंगाप्रमाणे वेगळ्या करत होती. लाल ढीग, निळा ढीग, काळा ढीग. खोलीत लोकरीची धूळ होती. मला खुर्ची दिली, त्या दोघी खाली बसल्या.

मी केंद्रात काय पाहिलं ते सांगितलं. ती ऐकत होती, तिला यातलं काहीच नवीन नव्हतं. मग मी म्हटलं, "अजून एक सांगायचंय. ते केंद्र ठीक आहे असं सरकारी कागदावर मी लिहिलं होतं. सही माझी आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "आपने देखा नहीं था?"

"नाही."

"फिर साइन क्यों किया?"

माझ्याजवळ उत्तरं होती. केंद्रं फार, माणसं तीन. दर आठवड्याला किती झाली याचा तक्ता वर पाठवावा लागतो. प्रवासाची परवानगी मिळत नाही. सगळी उत्तरं खरी होती, आणि त्या चिंध्यांच्या ढिगांमध्ये बसून यातलं एकही तोंडातून निघेना. मी म्हटलं, "चुकलं माझं."

तिची आई उठली, तिनं चहा केला आणि माझ्यासमोर ठेवला. मी तो प्यायले.

अहवाल मी तीन दिवसांत लिहिला. वायरी, दोरा, मास्टरजी, फळ्यावरची उत्तरं, टेम्पो, सगळं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं की याच केंद्राला आधी समाधानकारक असा शेरा मी स्वतः, केंद्र न पाहता दिला होता, आणि आमच्या शाखेत हीच पद्धत आहे.

संचालकसाहेबांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात त्यांनी मला न मागता रजा दिली होती, ते मी विसरलेले नाही. त्यांनी पेन्सिलनं काही शब्दांभोवती गोल केले होते.

"मॅडम, भाषा थोडी सौम्य करू या," ते म्हणाले. "'प्रशिक्षण दिलेच नाही' असं नको. 'प्रशिक्षणाच्या गुणवत्तेत सुधारणेस वाव आहे', असं."

"सर, जे नाहीच त्यात सुधारणा कशी होणार?"

"अर्थ तोच निघतो."

"नाही निघत. ती मुलगी मशीनचं बटण शोधत होती, सर."

त्यांनी चष्मा काढला. "असं लिहिलंत तर पहिला प्रश्न येईल, बाकीच्या केंद्रांचं काय? दुसरा येईल, हे पास कुणी केलं?"

"दुसऱ्याचं उत्तर शेवटच्या पानावर आहे."

त्यांनी ते पान वाचलेलं नव्हतं. माझ्यासमोर वाचलं. मग म्हणाले, "तुमची निवृत्ती जवळ आली आहे. कशाला?"

एवढ्या वर्षांत मी वरिष्ठांसमोर आवाज चढवला नव्हता. आमच्यासारख्या घरातून आलेल्या बाईला ते परवडत नाही. जरा बोललं की लोक लगेच, ही जागा हिला कशी मिळाली, तिथपर्यंत पोचतात. त्या दिवशी माझा आवाज चढला. मी म्हटलं, "सर, माझे वडील या शहरात कारकून म्हणून आले कारण त्यांना कुणीतरी खरोखर शिकवलं होतं. फळ्यावर उत्तरं लिहून दिली असती तर ते आज कुठे असते, आणि मी कुठे असते? अहवालातला एक शब्द मी बदलणार नाही."

बाहेर सहायकांनी टंकलेखन थांबवलं होतं. साहेब हळूच म्हणाले, "बरं. तसाच जाऊ द्या."

अहवाल खरंच तसाच गेला. एक अक्षर बदललं नाही. फक्त त्यावर साहेबांनी एका पानाची टिपणी लावली, आणि तिचं पहिलं वाक्य होतं, 'प्रशिक्षणाच्या गुणवत्तेत सुधारणेस वाव आढळतो.' वरचे लोक टिपणी वाचतात. अहवाल टिपणीच्या खाली असतो, टाचणी लावून. हे मला माहीत होतं. अशा टिपण्या मी स्वतः लिहिल्या होत्या.

केंद्राला नोटीस गेली. काही महिने ते बंद राहिलं. मग त्याच जिन्यावर, त्याच मालकाच्या बायकोच्या नावानं, सौर पॅनेल बसवायला शिकवणारं केंद्र सुरू झालं. मला हे कळेपर्यंत माझी बदली राजभाषा कक्षात झाली होती. तिथे मी परिपत्रकांचं हिंदी तपासते. कुणी शिक्षा केली असं म्हणता येणार नाही. पगार तोच, खोलीला खिडकीही आहे.

पण त्या मुलीची नोंद मी सोडली नाही. तिला पुन्हा शिकता यावं म्हणून तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका काढणं एवढंच करायचं होतं. माझ्या जागी एक तरुण बाई आल्या होत्या, त्या मदत करायला तयार होत्या. आम्ही दोघी पडद्यासमोर बसलो. यंत्रात तीनच पर्याय होते. 'नोकरीत रुजू.' 'नोकरी मिळाली नाही.' 'विद्यार्थ्याने प्रशिक्षण अर्ध्यावर सोडले.' तिसरा निवडला तरच तिला पुन्हा नाव घालता येणार होतं.

मी तिला फोन केला. सांगितलं, असं असं आहे, अर्ध्यावर सोडलं असं लिहू, म्हणजे तुझा रस्ता मोकळा होईल.

"नाही," ती म्हणाली.

"अगं, फक्त कागदावर."

"आधीचंही कागदावरच होतं ना?" ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मॅडम, बाकीच्या मुली अंगठा लावून घरी जायच्या. मी बसायचे. मला वाटायचं, आज शिकवतील. तीन महिने रोज संध्याकाळपर्यंत मी त्या हॉलमध्ये बसले. झाडू मारायचे. मी सोडलं असं कुणी लिहायचं नाही."

मी फोन ठेवला आणि माझ्या जागी आलेल्या त्या बाईंना सांगितलं की चौथा पर्याय हवा. 'केंद्राने शिकवले नाही.' त्या म्हणाल्या, त्यासाठी टिपणी लागेल. मी टिपणी लिहून दिली. माझ्या कक्षाचा या विषयाशी संबंध नाही, असा शेरा मारून ती परत आली. त्यांनी स्वतःच्या सहीनं पाठवली. ती टिपणी कुठेतरी पडून राहिली. आम्ही आठवण करून दिली, पुन्हा दिली. मला आश्चर्य एवढंच वाटायचं की 'शिकवले नाही' असं एखाद्या वेळी घडू शकतं, हे ती यंत्रणा तयार करताना एकाच्याही मनात आलं नव्हतं. मूल सोडून जाईल हे आलं. मुलाला नोकरी मिळणार नाही हे आलं. दोष येईल तो मुलाकडूनच, एवढं सगळ्यांनी धरून चाललेलं.

दरम्यान ती मुलगी शिकली. योजनेत नाही. पानिपतच्या एका ब्लँकेटच्या कारखान्यात ती गठ्ठे बांधायच्या कामाला लागली. तिथे कड शिवणारी एक बाई जेवणाच्या सुटीत तिला स्वतःच्या मशीनवर बसू द्यायची. सुई तुटली की बाई शिव्या द्यायची आणि दुसरी सुई द्यायची. पाच महिन्यांत तिला कडेची मशीन मिळाली. हे तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मागून मशीनींचा आवाज येत होता, आणि ती त्याच्या वर आवाज चढवून बोलत होती.

दीड वर्षानं चौथा पर्याय आला. त्या बाईंचा फोन आला, त्या खूश होत्या, आणि त्यांचा आनंद खरा होता. मी त्यांच्या खोलीत जाऊन पडदा पाहिला. 'प्रशिक्षण अपूर्ण, तांत्रिक कारण.'

मी तीनदा वाचलं. भिंतीत बटण नव्हतं, म्हणजे तांत्रिक कारणच म्हणायचं. त्या बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, म्हणून मी चांगलं झालं म्हटलं. त्यांच्या हातात तेवढंच होतं.

मुलीला फोन करून कळवलं की तुझी नोंद बदलली. तिनं विचारलं, काय लिहिलंय. मी वाचलं.

"तांत्रिक म्हणजे काय?"

"म्हणजे यंत्रात काहीतरी बिघाड झाला, असं."

"कोणत्या यंत्रात?" ती म्हणाली. "आणि त्या मालकाचं नाव कुठे आहे त्यात?"

"नाही."

"तुमचं?"

"नाही."

"फक्त माझंच आहे?"

"हो," मी म्हटलं.

ती रागावली नाही. तिला शिफ्टवर जायचं होतं. म्हणाली, आता ती दुसऱ्या दोन मुलींना कड शिवायला शिकवते, आणि फोन ठेवला.

मी कागद घेतला आणि लिहायला घेतलं, की ज्या नोंदीत विद्यार्थ्याचं नाव आहे त्या नोंदीत केंद्र चालवणाऱ्याचं आणि पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याचं नावही असलं पाहिजे, आणि सुरुवात माझ्या नावापासून करावी. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी एक वेलांटी दुरुस्त केली. पत्र देऊन आता चार महिने झाले. पोच मिळाली आहे, उत्तर नाही. काल मी दुसरं पत्र दिलं. त्यात सौम्य शब्द एकही नाही.